तिसरा थर कुठे बसतो

१९१२ सालच्या वसंतात म्युनिकमध्ये वॉल्टर फ्रीडरिश आणि पाउल क्निपिंग यांनी माक्स फॉन लाउए यांच्या कल्पनेनुसार स्फटिकांतून क्ष-किरण सोडून पाहायला सुरुवात केली. पहिला प्रयोग मोरचुदाच्या खड्यावर झाला. मागे ठेवलेल्या फोटोच्या काचेवर ठिपके उमटले, पण विस्कळीत. मग त्यांनी झिंक ब्लेंडची, म्हणजे जस्त आणि गंधक यांच्या खनिजाची, नेमक्या दिशेने कापलेली चकती लावली. या वेळी ठिपक्यांची चारही बाजूंना सारखी अशी देखणी नक्षी आली. स्फटिकात अणू शिस्तीने रचलेले असतात ही तोवरची अटकळ होती. आता तिचा पुरावा डोळ्यांसमोर होता.

नक्षीचा अर्थ लावताना लाउए यांनी अणू साध्या घनाच्या कोपऱ्यांवर आहेत असं धरलं, आणि हिशेब पुरता जुळेना. तो जुळवला केंब्रिजच्या २२ वर्षांच्या लॉरेन्स ब्रॅगने. अणू घनाच्या कोपऱ्यांवर तर आहेतच, शिवाय प्रत्येक बाजूच्या मध्यावरही आहेत, असं मानलं की ठिपके आपापल्या जागी बसतात, हे त्याने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मांडलं. पुढच्या वर्षी वडील विल्यम ब्रॅग यांच्या साथीने पूर्ण रचना उलगडली. जस्ताच्या प्रत्येक अणूभोवती गंधकाचे चार, गंधकाच्या प्रत्येक अणूभोवती जस्ताचे चार.

पण जस्त आणि गंधक एवढ्या एकाच रीतीने एकत्र येत नाहीत. १८६१ साली शार्ल फ्रीडेल यांनी बोलिव्हियातून आलेल्या एका खनिजाचं वर्णन केलं आणि आपले गुरू आडोल्फ वुर्ट्झ यांच्या नावावरून त्याला वुर्टझाइट म्हटलं. घटक तेच, प्रमाण तेच, आकार मात्र षट्कोनी. वुर्टझाइटमध्येही प्रत्येक अणूला चारच शेजारी असतात. मग फरक कुठे आहे? फळवाल्याच्या गाडीवरची संत्र्यांची रास आठवा. पहिला थर पसरला, दुसरा त्याच्या खळग्यांत बसवला. तिसऱ्या थराला दोन पर्याय उरतात. तो पहिल्या थराच्या बरोबर डोक्यावर बसवता येतो, किंवा पहिल्या दोन्ही थरांनी मोकळ्या सोडलेल्या खळग्यांवर. दर तिसरा थर पहिल्याच्या डोक्यावर येत राहिला की वुर्टझाइट होतं, तीन वेगळ्या जागा आळीपाळीने येत राहिल्या की झिंक ब्लेंड. कॅडमियमची सल्फाइड, सेलेनाइड, टेल्युराइड ही अर्धवाहक संयुगंही याच दोन रचनांमध्ये जमतात, आणि कॅडमियम सेलेनाइडमध्ये तर दोन पर्यायांच्या ऊर्जेतलं अंतर अगदीच किरकोळ आहे. मोठ्या खड्यात एखादा थर इकडचा तिकडे झाला तर त्याची दखलही कोणी घेणार नाही. स्फटिक काही हजार अणूंचाच असेल, तर मात्र त्याचा गोळा होणार, कांडी होणार, चार पायांचा सांगाडा होणार की कागदासारखा पापुद्रा, हे या तिसऱ्या थरापासून ठरत जातं. एवढं कळायला विसाव्या शतकाची शेवटची वीस वर्षं आणि वर आणखी काही लागली.

सुरुवात रंगीत काचेपासून झाली. कॅडमियमची संयुगं घालून पिवळी, नारिंगी, लाल काच करण्याची कला कारखान्यांना फार आधीपासून अवगत होती. लेनिनग्राडच्या वाविलोव प्रकाशविज्ञान संस्थेत अलेक्सेई एकिमोव यांना या रंगांचं मूळ शोधायचं होतं. त्यांनी कॉपर क्लोराइड घातलेली काच ५०० ते ७०० अंश सेल्सियसला, कधी एक तास तर कधी ९६ तास, तापवत ठेवली. काचेच्या पोटात स्फटिक वाढले. काही जेमतेम २ नॅनोमीटरचे, काही ३० नॅनोमीटरपर्यंत. स्फटिक जितका लहान, तितका तो शोषत असलेला प्रकाश निळ्याकडे सरकलेला. इलेक्ट्रॉनला हिंडायला जागा कमी पडली की त्याची ऊर्जा वाढते, हे पुंजभौतिकीचं भाकीत काचेच्या रंगात उतरलं होतं. १९८१ मध्ये एकिमोव आणि अलेक्सेई ओनुश्चेंको यांनी ते प्रसिद्ध केलं, आणि पुढच्याच वर्षी अलेक्झांडर एफ्रोस यांनी, भावाबरोबर, त्याचं गणित मांडलं. एफ्रोस हे नाव लक्षात ठेवायला हवं. ते या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या मरे हिलला, बेल प्रयोगशाळेत, लुई ब्रुस कॅडमियम सल्फाइडचे कण पाण्यात तरंगत ठेवून त्यांच्या पृष्ठभागावर प्रकाशाने होणाऱ्या रासायनिक क्रियांचा अभ्यास करत होते. काही काळ तसंच ठेवलेलं द्रावण पुन्हा तपासलं तर त्याचं प्रकाशशोषण बदललेलं निघालं. ताजे कण सुमारे साडेचार नॅनोमीटरचे होते, जुने झालेले साडेबारांचे. लहान कण विरघळतात आणि त्यांचा माल मोठ्यांवर जाऊन बसतो, ही प्रक्रिया रसायनशास्त्राला ओस्टवाल्डपासून ठाऊक होती. ब्रुस यांनी १९८३ मध्ये ती आकार आणि रंग यांच्या नात्याशी जोडली. रशियात काचेत घडलेलं काम अमेरिकेत द्रवात घडलं होतं, आणि सुरुवातीला दोन्ही बाजूंना एकमेकांची खबर नव्हती.

द्रवाचा फायदा उघड होता. काचेत अडकलेला स्फटिक बाहेर काढता येत नाही. द्रवातला गाळता येतो, धुता येतो, त्याच्यावर दुसरं काही चढवता येतं. अडचण अशी की साध्या तापमानाला केलेले हे कण ओबडधोबड आणि दोषांनी भरलेले असत. ब्रुस यांच्या गटात तेव्हा मायकेल स्टायगरवाल्ड, पॉल अलिव्हिसाटोस आणि मूंगी बावेंडी होते. त्यांनी कॅडमियम सेलेनाइडचे कण तापवून पाहिले आणि क्ष-किरणांखाली धरले. निष्पन्न झालं ते धड झिंक ब्लेंड नव्हतं, धड वुर्टझाइटही नव्हतं. एकाच कणात काही थर एका पद्धतीने बसले होते, काही दुसऱ्या. मला वाटतं, या निष्कर्षाला मिळायला हवं तितकं मोल त्या वेळी मिळालं नाही. सगळ्यांचं लक्ष कणाच्या मापाकडे होतं. आत थर कसे बसले आहेत याची नोंद होत होती, पण थरांची ही मांडणीच पुढे सूत्रं हाती घेईल असं कोणी गृहीत धरलेलं दिसत नाही.

१९९० मध्ये बावेंडी एमआयटीत गेले. तिथे ख्रिस्तोफर मरे आणि डेव्हिड नॉरिस या विद्यार्थ्यांबरोबर त्यांनी १९९३ मध्ये जी कृती प्रसिद्ध केली, तिच्यावर पुढची सगळी इमारत उभी आहे. ट्रायऑक्टिलफॉस्फीन ऑक्साइड नावाचा मेणासारखा पदार्थ, ज्याला प्रयोगशाळांत सगळे 'टोपो' म्हणतात, सुमारे ३०० अंशांना वितळवून तापवायचा. युरेनियम वेगळं काढण्याच्या उद्योगात तो आधीपासून वापरात होता. त्या तापलेल्या द्रवात डायमिथाइल कॅडमियम आणि फॉस्फीनमध्ये विरघळवलेलं सेलेनियम पिचकारीने एकदम सोडायचं. क्षणात सगळीकडे अंकुर फुटतात, तापमान घसरतं, आणि नवे अंकुर फुटणं थांबतं. मग २३० ते २६० अंशांना हळूहळू वाढवत न्यायचं. सगळे कण एकाच वेळी जन्मलेले, म्हणून सगळे एकाच मापाचे. एका झटक्यात अंकुरण आणि नंतर संथ वाढ हा विचार व्हिक्टर लामेर यांनी गंधकाच्या कणांवर काम करताना १९५० मध्येच मांडला होता. बावेंडींच्या गटाने तो अर्धवाहकांवर चालवून दाखवला. १.२ पासून ११.५ नॅनोमीटरपर्यंत हव्या त्या मापाचे स्फटिक मिळू लागले. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल बावेंडी, ब्रुस आणि एकिमोव यांना मिळालं ते या वाटचालीसाठी.

त्या १९९३ च्या निबंधात एक बारीक निरीक्षण आहे. कण वुर्टझाइट रचनेचे होते आणि पुरते गोल नव्हते. एका अक्षाच्या दिशेने जरासे लांबट होते, लांबी रुंदीच्या १.१ ते १.३ पट. झिंक ब्लेंडमध्ये थर रचण्याच्या दिशा चार, आणि चौघी सारख्याच. वुर्टझाइटमध्ये अशी दिशा एकच असते. षट्कोनी रचनेचा हा एकमेव अक्ष वाढीच्या वेळी जरा पुढे धावला होता, आणि ती धाव त्या किंचित लांबटपणात नोंदली गेली होती. तिच्याकडे पाहायला आणखी सात वर्षं गेली.

त्यात हातभार लावला एका बाटलीने. बाजारात टोपो दोन प्रकारांत मिळायचा, एक ९० टक्के शुद्ध आणि एक त्याहून बराच शुद्ध व महाग. उत्तम स्फटिक स्वस्त बाटलीतून यायचे. शुद्ध टोपो घेतला की वाढ आवरेनाशी व्हायची. अलिव्हिसाटोस तोवर बर्कलीला आपला गट चालवत होते. तिथे शियाओगांग पेंग आणि लिबेराटो मान्ना यांनी हा प्रश्न मुळापासून धरला. उरलेल्या १० टक्क्यांत फॉस्फोनिक आम्लं असतात आणि खरं काम तीच करतात, असा त्यांचा कयास होता. त्यांनी शुद्ध टोपो घेतला आणि त्यात मोजून हेक्झिलफॉस्फोनिक आम्ल घातलं. आता वाढीचा लगाम हाती आला. आम्लाचं प्रमाण वाढवलं आणि कच्चा माल भरपूर ओतला, तर गोळ्यांऐवजी कांड्या मिळू लागल्या. लांबी रुंदीच्या दहा पटीपर्यंत. मार्च २००० मध्ये हे 'नेचर'मध्ये आलं.

कांडी का झाली, याचं उत्तर थरांत होतं. वुर्टझाइटच्या अक्षाची दोन टोकं एकसारखी नसतात. एका टोकाच्या पृष्ठभागावरच्या कॅडमियम अणूचा एकच बंध मोकळा असतो. उलट टोकाला सेलेनियमचा पृष्ठभाग असतो; तिथे नवा कॅडमियम अणू येऊन बसला तर त्याचे तीन बंध मोकळे राहतात. फॉस्फोनिक आम्ल कॅडमियमला घट्ट धरतं आणि कांडीच्या बाजू नीट झाकून टाकतं, पण तीन हात पसरून बसलेल्या अणूला ते पुरतं झाकू शकत नाही. म्हणून या टोकाला नवा माल येऊन चिकटत राहतो. द्रावणात माल मुबलक असेतोवर हे टोक धावतं. माल आटत आला की कांडी स्वतःचीच मोडतोड करू लागते. टोकांवरचे अणू निघून बाजूंवर बसतात आणि ती पुन्हा आखूड, गोलसर होते. म्हणजे आम्लाने आकार दिला असं म्हणणं अर्धवट आहे. धावण्याची दिशा रचनेत आधीच लिहिलेली होती, आम्लाने बाकीच्या दिशा अडवल्या.

याच कांड्या पुढे उपयोगी ठरल्या. गोल कणातून निघणाऱ्या प्रकाशाला कंपनाची ठराविक दिशा नसते. लांबी रुंदीच्या दुप्पट होताच कांडीतून निघणारा प्रकाश तिच्या लांबीच्या दिशेने ध्रुवित होतो, हे २००१ मध्ये दिसलं. २००२ मध्ये बर्कलीतच ७ नॅनोमीटर जाड आणि ६० नॅनोमीटर लांब कांड्या प्लॅस्टिकमध्ये मिसळून सौरघट केला गेला. त्याची कार्यक्षमता होती १.७ टक्के, आज हा आकडा लहान वाटतो. पण इलेक्ट्रॉनला कणाकणावरून उड्या मारत जावं लागण्यापेक्षा एका लांब कांडीतून सरळ जाता आलं, हे त्यातलं महत्त्वाचं.

स्वस्त बाटलीत नेमकं काय होतं, याचा छडा पुरता लागायला २००८ उजाडलं. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या विल्यम बुरो यांच्या गटाने टोपोतल्या अशुद्धी एकेक करून ओळखल्या आणि त्यांतल्या कोणत्या उपकारक हे दाखवलं. तोवर पंधरा वर्षं जगभरच्या प्रयोगशाळा अशा घटकाच्या भरवशावर चालल्या होत्या, जो कोणी मुद्दाम घातला नव्हता आणि ज्याचं प्रमाण प्रत्येक खेपेला बदलायचं.

माझ्या लेखी या सगळ्या प्रवासातलं सर्वांत सुंदर काम २००३ चं. बर्कलीतच मान्ना, डेलिया मिलिरॉन आणि सहकारी यांनी कॅडमियम टेल्युराइड घेतलं. त्याची निवड विचारपूर्वक होती. या संयुगात झिंक ब्लेंड आणि वुर्टझाइट यांच्यातलं ऊर्जेचं अंतर इतकं आहे की अंकुर एका रचनेत फुटावा आणि वाढ दुसऱ्या रचनेत व्हावी, असं जुळवून आणता येतं. अंकुर झिंक ब्लेंडचा. त्याला सारखेच असे चार पैलू असतात, चौफलकाच्या चार बाजूंसारखे. आता गंमत अशी की झिंक ब्लेंडचा हा पैलू आणि वुर्टझाइटच्या अक्षाला आडवा असलेला पैलू यांच्यात अणूंच्या मांडणीचा काही फरकच नाही. पुढचा थर कुठे बसवायचा एवढंच वेगळं. त्यामुळे चारही पैलूंवर वुर्टझाइटची वाढ सलग सुरू होते आणि प्रत्येकावर एक कांडी उभी राहते. तयार होतो चार पायांचा स्फटिक, कोणत्याही दोन पायांत सुमारे १०९.५ अंशांचा कोन. तो कसाही टाकला तरी तीन पायांवर उभा राहतो आणि चौथा पाय वर. पायांची लांबी कच्च्या मालाच्या प्रमाणावर आणि जाडी आम्लाच्या प्रमाणावर, अशा दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठरवता येऊ लागल्या. ब्रुस यांच्या गटाला जी मिसळ दोष म्हणून दिसली होती, तिची जागा आणि वेळ ठरवून घेतली की तिच्यातूनच नवा आकार घडवता येतो, हे इथे सिद्ध झालं.

एकेक अणू येऊन बसण्याखेरीज वाढीची आणखी एक रीत आहे, ती थोडक्यात सांगतो. तयार स्फटिकच एकमेकांना येऊन मिळतात, रांगा जुळवून घेतात आणि एक होतात. ली पेन आणि जिलियन बॅनफिल्ड यांनी १९९८ मध्ये हे टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये नोंदवलं. २००२ मध्ये निकोलस कोटोव यांच्या गटाने कॅडमियम टेल्युराइडच्या कणांवरचं आवरण विरळ केलं, तेव्हा कण आपोआप ओळीत लागून तारा झाल्या. कण झिंक ब्लेंडचे होते आणि तारा वुर्टझाइटच्या. जोडकाम होताना आतले थरही पुन्हा बसले होते. २००५ मध्ये मरे, जे तेव्हा आयबीएममध्ये होते, आणि त्यांचे सहकारी यांनी लेड सेलेनाइडच्या सरळ, नागमोडी, फांद्या फुटलेल्या तारा आणि वलयंसुद्धा याच रीतीने केली.

थरांच्या रचनेवर केवळ आकार ठरत नाही, स्फटिकात परके अणू शिरतात की नाही हेही ठरतं. १९९५ साली पुणे विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात सुलभा कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी पाण्यातल्या साध्या पद्धतीने मँगनीज घातलेले झिंक सल्फाइडचे नॅनोकण केले होते. अमेरिकेत रामेश्वर भार्गव यांनी आदल्या वर्षी अशाच कणांच्या प्रकाशाबद्दल लिहिल्यामुळे जगभर त्यांची चर्चा सुरू होती. पण एक कोडं होतं. झिंक सल्फाइडमध्ये मँगनीज सहज शिरतं आणि कॅडमियम सेलेनाइडमध्ये काही केल्या शिरत नाही, असं का? लहान स्फटिक परके अणू बाहेर फेकून स्वतःला साफ करतो, असं उत्तर तेव्हा दिलं जाई. २००५ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या निबंधाने ते बाजूला सारलं. लेखकांत स्टीव्हन अर्विन होते, १९९३ च्या निबंधातले डेव्हिड नॉरिस होते, आणि लेनिनग्राडमध्ये पहिलं गणित मांडणारे, आता वॉशिंग्टनच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत असलेले एफ्रोस होते. मँगनीज आत शिरायचं तर आधी ते पृष्ठभागावर इतका वेळ टिकायला हवं की त्याच्यावर पुढचा थर चढेल. झिंक ब्लेंडच्या घनाकृती पैलूवर ते घट्ट बसतं. वुर्टझाइटला असा पैलूच नसतो. झिंक सल्फाइड आणि झिंक सेलेनाइडचे नॅनोस्फटिक झिंक ब्लेंड रचनेत वाढतात, कॅडमियम सेलेनाइडचे गरम टोपोत वुर्टझाइट होतात. कोडं तेवढंच होतं. या समजुतीच्या आधारे त्यांनी कॅडमियम सेलेनाइडमध्येही मँगनीज घालून दाखवलं.

इथवर सगळं एका नियमात बसत होतं. ज्या रचनेत एक अक्ष वेगळा, तिच्यात आकार एका दिशेने ओढला जातो. ज्या रचनेत सगळ्या दिशा सारख्या, तिच्यात आकार सारखा राहतो. २००८ मध्ये पॅरिसहून या नियमाला उघड आव्हान आलं. सँड्रिन इथुरिया आणि बेन्वा द्युबेर्त्रे यांनी कॅडमियम सेलेनाइडचे सपाट पापुद्रे केले. लांबी-रुंदी जाडीच्या कितीतरी पट, जाडी मात्र अवघ्या काही अणुथरांची, आणि तीही एका पापुद्र्यात सगळीकडे नेमकी सारखी. जाडी एका थराने बदलली की प्रकाश एकदम पुढच्या पायरीवर. ४६२, ५१२, ५५० नॅनोमीटरच्या आसपास, मधलं काही नाही. आणि रचना होती झिंक ब्लेंड. पापुद्र्याची वरची बाजू आणि त्याच्या कडा स्फटिकशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीचे पैलू. मग एका दिशेने वाढ ठप्प आणि दोन दिशांनी धो धो, हे कसं?

बऱ्याच जणांनी साच्याची कल्पना केली. कॅडमियमचे मेदाम्लक्षार द्रावणात थर करून बसत असतील आणि स्फटिक त्यांच्या फटीत दाबून वाढत असेल, असं. हे उत्तर पटण्याजोगं होतं. २०१७ मध्ये झुरिकच्या ईटीएचमध्ये आंद्रेआस रीडिंगर, नॉरिस आणि पुन्हा तेच अर्विन यांनी वेगळं उत्तर दिलं. कोणत्याही सपाट पैलूवर नवा थर सुरू व्हायचा तर आधी अणूंचं एक लहानसं बेट जमावं लागतं, आणि बेटाच्या काठाला ऊर्जा मोजावी लागते. मोठ्या पैलूवर बेटाला चारही बाजूंनी काठ असतो. काही थरांच्याच जाडीच्या अरुंद कडेवर बेट लगेच एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत पोचतं. पुढे पसरलं तरी त्याचा काठ वाढत नाही. म्हणून अरुंद कडेवर थर सुरू होणं सोपं, रुंद बाजूवर अवघड. योगायोगाने एखादा अंकुर जरा चपटा झाला की त्याच्या कडा भराभर वाढतात, रुंद बाजू आणखी रुंद होते, आणि तिच्यावर नवा थर बसणं जवळपास अशक्य होतं. पैलू एकाच जातीचे असले तरी त्यांची रुंदी वेगळी होती, आणि एवढ्यानेच काम भागलं. साच्याची गरज नाही हे दाखवायला त्यांनी द्रावकच काढून टाकला. कॅडमियमचा मेदाम्लक्षार आणि सेलेनियमची पूड एवढंच एकत्र करून तापवलं, आणि त्या वितळलेल्या मिश्रणातून पापुद्रे बाहेर आले.